नवसागराची पुडी

त्या वर्षी उन्हाळ्यात गावोगावच्या बायका कल्हईवाल्याला दारातूनच परत पाठवू लागल्या. कल्हई करायची म्हणजे भांडी आधी राखेनं, चिंचेनं घासावी लागतात, मग धुवावी लागतात, आणि विहिरींनी तर तळ दाखवलेला. प्यायलाच पाणी नाही तर घागर उजळून तिच्यात घालायचं काय?

"न्या बाबा तुमची भट्टी दुसरीकडं," एक म्हातारी खाजामियाँला म्हणाली. "हितं माणसं आंघूळ करंनात, अन् तुमी भांड्याला न्हाऊ घालायला आलात."

खाजामियाँला हसू आलं नाही. तो पहाटे नळदुर्गातून निघून, डोक्यावर कोळशाचं पोतं घेऊन इथवर आला होता. चौकात खड्डा खणून भात्याची नळी बसवली होती, कोळसा पेटला होता, आणि भांडं एकही आलं नव्हतं. धाकटा भाऊ चाँदपाशा मात्र मन लावून भाता हाणत होता. निखारे उगाच लालभडक होत होते.

"बस कर रं, कोळसा जाळतोस नुसता," खाजामियाँ खेकसला.

चाँदपाशा थांबला नाही. त्याला एकदा भात्यावर बसवलं की उठवायला आईच लागायची.

तो तिशीला आला होता, पण उंचीनं बारा वर्षांच्या पोराएवढाच. गोल चेहरा, आखूड मान, कडेला वर चढलेले बारीक डोळे, आणि तोंडात मावत नसल्यासारखी ओठावर आलेली जीभ. बोटं बुटकी, मऊ. अशा माणसांसाठी डॉक्टरांकडं काही नाव असेलही. नळदुर्गात त्याला भोळा म्हणत, आणि ज्यांची जीभ सैल होती ते खुळा म्हणत. बोलणं तुटक होतं, ते घरच्यांनाच कळायचं. एक शब्द मात्र साऱ्या जगाला कळेल इतका स्वच्छ यायचा, तो म्हणजे "व्हय". त्याला काहीही विचारा, तो व्हय म्हणायचा.

"चाँदपाशा, औंदा पाऊस यील का रं?" त्याच म्हातारीनं विचारलं.

"व्हय."

म्हातारीनं लगेच दोन्ही हात जोडले. "देवाचं माणूस हाय. याचं बोलणं वाया जात न्हाय."

वाया किती जायचं ते कुणी धरून ठेवत नसे. पोरगा झाला, म्हैस गाभण राहिली, की चाँदपाशा बोलला होता हे लोकांना आठवे. झालं नाही तर देवाची मर्जी. ही कीर्ती फिरत फिरत माळावरच्या दर्ग्यातल्या मुजावरापर्यंत गेली होती. त्यानं निरोप धाडला होता की पोराला दर्ग्यात आणून सोडा. लोक पाया पडतील, त्याच्या हातावर काहीबाही ठेवतील, दोन वेळचं खाईल आणि तुम्हीही सुटाल.

भट्टी विझवून दोघे भाऊ तसेच परत आले. घरी ही माणसं आपसात दखनी बोलत; मी ते आपल्या बोलीत सांगतो. खाजामियाँची बायको बिबीजान चुलीपुढं होती, एक पोर मांडीवर, एक पाठीवर लोंबकळत. आई सरदारबी उंबऱ्यात बसून खोकत होती. जन्मभर कल्हईचा धूर घेऊन तिची छाती भात्यासारखीच वाजायला लागली होती.

"अम्मा, मी सोलापूरला चाललो," खाजामियाँ पाणी पिऊन म्हणाला. "गिरणीत बिबीजानचा भाऊ हाय, तो बदलीवर लावतो म्हणतो. ह्या धंद्यात आता काय राम न्हाय. लोकं जर्मनची हलकी पांढरी भांडी घ्यायला लागली. जर्मनला कुठं कल्हई लागती?"

"जाऊ की."

"खोली एकच हाय तिथं. आमी, पोरं, तुमी." तो भावाकडं न बघता म्हणाला. "याला मुजावर ठिवून घेतो म्हणतोय."

सरदारबीचा खोकला थांबला. "भीक मागाय बसवतो का भावाला?"

"भीक कशी? लोकं पाया पडत्यात तिथं."

"पाया पडून हातावर टाकतील ती भीकच. त्याच्या बापानं बेचाळीस गावची भांडी उजळली, पण कुणापुढं हात पसरला न्हाय. माझं लेकरू काम करून खाईल."

"काय काम करील? भाता हाणतो, तो भाताच मी विकायला काढलाय."

बिबीजान दुष्ट नव्हती. तिनं दिराला कधी शिळं वाढलं नव्हतं. पण ती हळूच म्हणाली, "अम्मा, तुमी हायसा तवर ठीक. तुमच्या मागं त्याचं कसं?"

रात्री सरदारबीला झोप न लागण्याचं कारण हाच प्रश्न होता. शेवटी बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: पुढल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत खाजामियाँ थांबेल. तोवर चाँदपाशाला कुठं कामाला लावता आलं, तर मायलेक नळदुर्गातच राहतील. नाहीतर तो दर्ग्यात जाईल आणि आई सोलापूरला. सरदारबी कबूल झाली, पण तिला ठाऊक होतं की सबंध नळदुर्गात तिच्या लेकाला काम देईल असं एकही दार नाही.

तिनं तरी दारं झिजवलीच. हॉटेलवाला म्हणाला, कपबशा फोडील. लाकडाचा वखारवाला नुसता हसला. ट्रक थांबतात त्या हमरस्त्यावर गुंडप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं ती सगळ्यात शेवटी गेली.

गुंडप्पा पलटणीत बिनतारी संदेशाच्या खात्यात होता. पायाला गोळी लागून परत आला, लंगडत चालायचा आणि लंगड्या पायाचा राग जिभेवर काढायचा. दुकानात अजून वीज आली नव्हती. ट्रकच्या बॅटरीवर रेडिओ वाजवून बघायचे, आणि तारांना डाग द्यायची, म्हणजे कथील वितळवून त्या सांधायची, तांब्याच्या तोंडाची सळई कोळशाच्या शेगडीत तापवायची.

"मावशी, हे रेडिओचं काम हाय, तवा घासायचं न्हवं," गुंडप्पा म्हणाला. "माझं डोकं नगा खाऊ."

"झाडून काढील. पाणी भरील."

"मला नगं."

हे बोलणं चालू असताना चाँदपाशा शेगडीपुढं उकिडवा बसला होता. त्यानं अचानक हात घालून सळई निखाऱ्यातून ओढली आणि बाजूच्या विटेवर ठेवली. गुंडप्पा ओरडला. ओरडता ओरडता त्यानं सळईचं तोंड बघितलं आणि खाली वाकला. आणखी थोडा वेळ राहती तर तांबं जळून काळं पडलं असतं, पुन्हा कानशीनं घासत बसावं लागलं असतं. बोलण्याच्या नादात तो स्वतःच विसरला होता.

"याला कसं कळलं?"

"वीस वर्सं भट्टीपुढंच बसलाय की," सरदारबी म्हणाली. आणि तिला एकदम रडू आलं, कारण आपल्या लेकाला काहीतरी कळतं हे परक्या माणसाच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"उद्यापासनं पाठवा. शेगडीपुरता," गुंडप्पा तोंड फिरवून म्हणाला.

शेगडीपुरता आलेला चाँदपाशा पावसाळ्यात फळीपर्यंत आला. गुंडप्पानं एका फळीवर खिळे ठोकले आणि खिळ्यांना तारांचे तुकडे गुंडाळून डाग द्यायला शिकवायला घेतलं. का घेतलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पलटणीत त्यानं पुष्कळ शिपाई शिकवून तयार केले होते आणि इथं आल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्यातलंच काही असेल.

पहिले दिवस नुसते आरडाओरड्यात गेले. "कथील न्हाय तापवायचं, तार तापव! तार!" गुंडप्पा ओरडला की चाँदपाशा हातातलं सगळं टाकून स्वतःचे दोन्ही कान धरायचा आणि तसाच बसून राहायचा, संध्याकाळपर्यंत. सळई गार व्हायची, गुंडप्पा गरम व्हायचा. शेवटी गुंडप्पालाच समज आली. त्यानं बोलणं सोडलं. चाँदपाशाच्या हाताखाली आपला हात धरायचा, सळई तारेला टेकवायची, थांबायचं, आणि कथील आपण होऊन तारेवरून पाण्यासारखं पसरलं की हात मागं घ्यायचा. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

एक खोड मात्र जाता जात नव्हती. कल्हईत वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं भांडंभर पुसून घेतात. चाँदपाशाचं सगळं आयुष्य ते बघण्यात गेलेलं. डाग बसला की त्याचा डावा हात चिंधी घेऊन पुढं यायचाच. कथील फासलं जायचं, बोट पोळायचं. गुंडप्पानं मग त्याच्या डाव्या हातात राळेचा खडा दिला. सळई लावण्याआधी राळ लावायची, म्हणजे कथील धरतं, आणि काम होईपर्यंत खडा सोडायचा नाही. खडा हातात असल्यावर चिंधी कुठून येणार?

"आन् आता हलायचं न्हाय," गुंडप्पा शिकवायचा. "कथील थिजूस्तवर श्वाससुदिक घ्यायचा न्हाय."

चाँदपाशा जीभ बाहेर काढून, श्वास कोंडून, डोळे तारेला लावून बसायचा. अंगावर माशी बसली तरी हलायचा नाही. एका जागी टिकून राहणं हे त्याला जन्मतःच येत होतं. लोक त्याला मठ्ठपणा म्हणत आले होते. डाग थिजला की तो तारेला हलका हिसका द्यायचा.

"झालं का, पाशा?"

"व्हय."

गुंडप्पा हिसका द्यायचा आणि तार हातात यायची. "ही बघ. ही न्हाय झाली. म्हण, न्हाय."

यात किती दिवस गेले कुणास ठाऊक. थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. चाँदपाशानं तार ओढली, ती सुटली. गुंडप्पानं सवयीनं विचारलं, "झालं का?"

चाँदपाशानं सुटलेलं टोक बोटानं चाचपलं. मग मान हलवून म्हणाला, "न्हाय."

गुंडप्पानं त्याला चहा पाजला, जास्तीचा गूळ घालून. संध्याकाळी सरदारबी न्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुमच्या पोरानं आज मला न्हाय म्हटलं."

सरदारबी घाबरली. "चुकलं असंल. लहान हाय त्यो."

"अवो, चांगलं झालं म्हणतोय मी!"

पुढल्या उन्हाळ्यापर्यंत चाँदपाशा बॅटरीच्या तारा जोडू लागला. लाल ती लाल चिमट्याला, काळी ती काळ्या. तो पहाटेच दुकानाच्या फळीवर येऊन बसायचा. गुंडप्पा आला की उठून सलाम ठोकायचा आणि मग त्याच्या मागं मागं त्याच्यासारखाच लंगडत आत जायचा. बघणारे हसायचे, गुंडप्पाही शिव्या देत हसायचा. संध्याकाळी घरी आल्यावर चाँदपाशा आईपुढं दोन्ही तळहात धरायचा. बोटांना राळेचा वास यायचा, एखादा फोड असायचा. "काम," तो म्हणायचा. सरदारबी ते हात धरून बसायची. तीस वर्षं तिनं हा पोरगा फक्त सांभाळला होता. आता पहिल्यांदा तिला त्याचा आधार वाटू लागला होता. खाजामियाँनंही एकदा दुकानावरून जाता जाता उभं राहून बघितलं आणि घरी येऊन म्हणाला, "जमाय लागलंय त्याचं. जमलं तर माझ्या जिवाचा घोर जाईल, अम्मा."

त्याच सुमारास ब्लॉकाच्या विकास कचेरीतून काम आलं. गावोगावच्या चावडीवर ठेवायला सरकारी रेडिओ आले होते. बॅटरीच्या, कर्ण्याच्या तारा जोडून ते तयार करायचे होते. तिथला साहेब गुंडप्पाला म्हणाला, हे नीट झालं तर तालुक्यातली सगळी दुरुस्ती तुझ्याकडं. आणि चाँदपाशाकडं बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"हा पण काम करतो?"

"करतो, साहेब. तुमी काम बघा, तोंड नगा बघू."

"बघू तर. पुढल्या आठवड्यात येतो."

गुंडप्पाला काही सामान आणायला सोलापूरला जावं लागलं. जाताना त्यानं उरलेल्या तारा चाँदपाशापुढं मांडून ठेवल्या, राळेचा खडा हातात दिला आणि म्हणाला, "सावकाश कर. मी येतोच."

दुपारी सरदारबी भाकरी घेऊन आली. लेक कामात होता. ती शेजारी बसली, झालेलं काम उचलून बघू लागली, आणि पदरानं पुसायला गेली. प्रत्येक डागाभोवती राळेचं पिवळं-काळं किटण बसलेलं होतं. राळेचा डाग तसाच दिसतो, आत पक्का असला तरी. पण सरदारबी कल्हईवाल्याची बायको. पन्नास वर्षं तिला एकच ठाऊक होतं: कथील चांदीसारखं चमकलं तर काम खरं, काळं दिसलं तर गिऱ्हाईक भांडं तोंडावर फेकतं. आणि लवकरच तो आठ्या घालणारा साहेब हे बघणार होता.

"बेटा, हे असलं काय रं? घाण दिसतंय."

चाँदपाशानं तार ओढून दाखवली. सुटली नाही. "व्हय," तो खुशीत म्हणाला.

"पक्कं हाय, पर दिसतंय कसं!"

ती घरी गेली. खाजामियाँच्या पेटीतून नवसागराची पुडी काढली. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, आणि मग कथील असं धरतं की बघत राहावं. तिनं पुडी पदराला बांधून आणली. राळेचा खडा त्याच्या हातातून सोडवायला तिला जोर करावा लागला.

"न्हाय," चाँदपाशा म्हणाला.

"ऐक. अम्मा सांगतीय न्हवं? जरासा लावायचा. बाबा लावायचे, आठवतं का? आन् गुंडप्पाला सांगायचं न्हाय."

बापाचं नाव काढल्यावर तो खुलला. हा धूर त्याच्या ओळखीचा होता. दोन दिवस त्यानं उरलेलं सगळं काम नवसागरानं केलं, आणि आधी झालेलंही आईनं त्याच्याकडून पुन्हा उजळून घेतलं. डाग रुपयासारखे चमकायला लागले. सरदारबीनं उरलेला नवसागर पुसून, झटकून, दार उघडं टाकून वास घालवला. वाईट करण्याचा विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता. सणाला पोराचं तोंड पुसून बाहेर पाठवावं तसं तिनं ते केलं होतं.

गुंडप्पा परत आला, काम बघून चाट पडला. घाईत होता, उजेड कमी होता, आणि शिष्याचं कौतुक डोळ्यांवर आलं होतं. "पाशा, लेका, माझ्यापेक्षा बारीक हात झाला की तुझा!" साहेबानंही मान डोलावली. रेडिओ गावोगाव गेले. चावडीवर बाजारभाव, गाणी वाजायला लागली, आणि सरदारबीनं लेकासाठी नवा सदरा शिवला.

मग पाऊस आला. त्या वर्षी भरपूर आला. चावड्या गळल्या, भिंतींना ओल आली, आणि बंद पेट्यांमध्ये नवसागरानं आपलं काम चालू केलं. तो ओल ओढून घेतो आणि तांबं खातो. भांड्याचं तसं नाही, भांडं धुतलं जातं. तारेला कोण धुणार?

दिवाळीच्या तोंडाला उत्तरेत सरहद्दीवर लढाई पेटली. ज्यांची पोरं पलटणीत होती ती माणसं शेतातली कामं टाकून चावडीपुढं येऊन बसू लागली. आणि नेमके तेव्हाच रेडिओ एकामागून एक मुके झाले. लोकांनी पेट्यांना थापट्या मारल्या, बॅटऱ्या बदलल्या. शेवटी एका गावचे लोक बैलगाडीत घालून रेडिओ घेऊन आले. त्यात बब्रुवान नावाचा म्हातारा होता, त्याचा मुलगा सरहद्दीवर होता. तो काही भांडला नाही. दुकानाच्या पायरीवर बसून एवढंच म्हणाला, "एवढं बोलता करा त्याला. घरात बाई जेवंना झालीय."

गुंडप्पानं पेटी उघडली. आत प्रत्येक डागावर हिरवी बुरशी चढलेली. तार धरली तर भुगा झाला. त्यानं बोटाला लागलेलं जिभेवर ठेवलं. खारट लागलं. तो पलटणीतला माणूस, बातमीची वाट बघणं म्हणजे काय ते त्याला पुरतं माहीत होतं. तो रागानं मागं वळला.

"पाशा! नवसागर कुणी दिला तुला?"

चाँदपाशानं दोन्ही कान धरले.

"कुणी दिला? सांग!"

एव्हाना रस्त्यावर माणसं जमली होती. कुणी म्हणालं, खुळ्याच्या हातात सरकारी काम दिल्यावर दुसरं काय होणार. चाँदपाशा कान धरून खाली बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड घट्ट मिटलेलं. आईनं सांगायचं नाही म्हटलं होतं. एरवी जीभ आत न ठरणाऱ्या त्या माणसानं ती त्या दिवशी दातांमागं धरून ठेवली.

सरदारबी धापा टाकत आली ती त्याला तसं बघून गर्दीतूनच ओरडली, "म्या दिला! त्याला मारू नगा, म्या दिला!"

"तुमी?" गुंडप्पा तिच्याकडं वळला. "का, मावशी?"

"चमकावं म्हणून." एवढंच तिला सांगता आलं.

गुंडप्पा खाली बसला, आणि त्यानं बब्रुवानाचा रेडिओ तिथल्या तिथं नव्या तारा घालून बोलता करून दिला. चाँदपाशाला त्यानं त्या दिवशी सळई दिली नाही.

साहेब आला तो तापूनच आला. गुंडप्पानं सगळं आपल्यावर घेतलं. "चूक माझी हाय, साहेब. म्या तपासाय पायजे होतं. मी सगळे सेट फुकट करून देतो."

"ते तर करावंच लागेल. पण तो माणूस दुकानात दिसता कामा नये. लोक काय म्हणतात ऐकलंस का? दिसला तर काम दुसऱ्याला."

घरी गुंडप्पाचीही बायको होती, शिकणारी पोरं होती. "बरं, साहेब," तो म्हणाला.

खरं तोंडावर सांगण्याची हिंमत मात्र त्याला झाली नाही. लढाईत गोळी खाल्लेला माणूस, पण चाँदपाशा पहाटे फळीवर येऊन बसला, सलाम ठोकला, की तो म्हणायचा, "आज काम न्हाय, पाशा. उद्या यी." चाँदपाशा "व्हय" म्हणायचा आणि तिथंच बसून राहायचा. दिवसभर. साहेबाची जीप यायची झाली की गुंडप्पा त्याला हाताला धरून ट्रकच्या आडोशाला नेऊन बसवायचा. काही दिवस असं चाललं. एके दिवशी गुंडप्पानंच खाजामियाँला निरोप पाठवला. "घिऊन जावा त्याला," तो म्हणाला, आणि दुकानाच्या मागं जाऊन लहान पोरासारखा रडला.

खाजामियाँनं सामान बांधलं, भाता भंगारात दिला, आणि दिवाळी सरल्यावर एका सकाळी तिघं माळावरच्या दर्ग्याकडं निघाले. आईनं चाँदपाशाला नवा सदरा घातला होता.

"काम?" त्यानं वाटेत विचारलं.

"व्हय, बेटा," सरदारबी म्हणाली.

मुजावर भला माणूस होता. त्यानं पाणी दिलं, चिंचेखाली सावलीत चटई घातली, चाँदपाशाच्या गळ्यात हिरवा रुमाल बांधला. "इथं त्याला कुणी खुळा म्हणणार न्हाय," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सरदारबीनं विचारलं, मी झाडलोट करून राहू का? पण दर्ग्यात बायकांनी रात्री मुक्काम करायचा नाही असा तिथला रिवाज होता. शिवाय बिबीजानचे दिवस भरत आले होते, सोलापुरात तिच्यापाशी कुणीतरी लागणारच होतं.

गुरुवारची जुम्मेरात होती, माणसं येऊ लागली. एक बाई चाँदपाशापुढं वाकली आणि त्याच्या हातावर खडीसाखर ठेवू लागली. त्यानं हात मागं घेतला. साखर मातीत पडली. दुसऱ्या माणसानं आणा पुढं केला, तर चाँदपाशानं तो घेऊन उलटसुलट बघितला आणि बाजूला ठेवून दिला. त्याचे हात गुडघ्यावर उपडे, तयार होते; कुणीतरी काहीतरी करायला देईल म्हणून तो येणाऱ्याच्या तोंडाकडं बघत होता.

"हात पुढं कर की रं," मुजावर म्हणाला. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाला. तिसऱ्यांदा तो ओरडला, आणि चाँदपाशानं कान धरले.

सरदारबी उठली. "ओरडू नगा त्याला," ती म्हणाली. "ओरडून शिकत न्हाय त्यो. म्या दाखवते."

ती त्याच्या शेजारी चटईवर बसली. कानावरचे हात हळूच सोडवले. त्याच्या उजव्या हाताखाली आपला हात धरला, तो उलटा केला, बोटं एकाला एक जुळवली, अंगठा आत घेतला, मधे खोलगट होईल असं केलं, आणि पुढं नेला. खाजामियाँ तोंड फिरवून दर्ग्याच्या भिंतीकडं बघत उभा राहिला. आईनं आपला हात काढून घेतला. चाँदपाशाचा हात तिथंच राहिला, जराही न हलता. श्वास कोंडून, जीभ बाहेर काढून तो त्या हाताकडं बघत होता. पुढल्या बाईनं त्यात खडीसाखर ठेवली आणि एक दाणाही खाली पडला नाही.

डाग द्यायला शिकायला त्याला वर्ष लागलं होतं. हे तो एकदा दाखवल्याबरोबर शिकला.

त्यानं भरलेला हात आईपुढं धरला. कुणीच काही विचारत नाही हे बघून स्वतःच विचारलं, "झालं?"

सरदारबीनं पदर तोंडात धरला होता, तो काढला.

"व्हय," ती म्हणाली, "झालं, बेटा," आणि खाजामियाँच्या मागं माळ उतरू लागली.